दीनारावरील मुखवटा

(शास्त्रपाठ : मार्क १२:१३–१७ व ४१–४४)



गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका मंडळीत एका वृद्ध बाईचा बाप्तिस्मा ठरला असता तिच्या गळ्यातील माळेवरून पंचांत वाद उत्पन्न झाला. माळ पुतळ्यांची, तिच्या आईची. पुतळ्या सात, त्यांतही दोन मुलाम्याच्या. परंतु प्रत्येकीवर लक्ष्मीची आकृती उठविलेली. कित्येक वडील मंडळी म्हणाली, ही मोडून टाकल्यावाचून पाणी देता येत नाही. कित्येक म्हणाले, सोने ते सोने, त्यास धर्म नसतो. बाई बिचारी दोन्ही पक्षांच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि अखेरीस मला म्हणाली, "पास्तरसाहेब, काढा म्हणता तर काढते. पण तुमच्या दानपेटीत नोटा पडतात, नाणी पडतात, त्यांवर चित्रे असतातच की. ती कशी चालतात?"

सभेत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण हा प्रश्न तिच्या पूर्वी फार वर्षांमागे यरुशलेमेच्या मंदिरात उभा राहिला होता. मी तेथे जे उत्तर दिले ते तोकडे होते. म्हणून आज तो विषय पुन्हा हाती घेत आहे.

मार्काच्या बाराव्या अध्यायात परूशी व हेरोदी हे दोन पक्ष प्रभूकडे येतात. एरवी ह्या दोघांचे एकमेकांशी पटत नसे. परंतु त्याला धरण्यासाठी ते एक झाले होते. त्यांचा प्रश्न असा की, कैसराला कर देणे योग्य आहे की नाही? हा कर म्हणजे नुसता शेतसारा नव्हे. इ. स. ६ मध्ये यहूदा प्रांत थेट रोमी अंमलाखाली आला व क्विरीनिय सुभेदाराने खानेसुमारी केली, तेव्हा गालीली यहूदाने ह्याच गोष्टीवरून बंड उभारले व तो नाश पावला, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात वाचतो. तेव्हा "द्या" म्हटले तर लोक दुरावणार, "देऊ नका" म्हटले तर पिलाताचे शिपाई येणार. सापळा दोन्ही बाजूंनी चोख होता.

प्रभूने काय केले? त्याने नाणे मागितले. त्याच्याजवळ ते नव्हते, हे आधी लक्षात घ्या. ते आणून दिले दुसऱ्यांनी, आणि तेही मंदिराच्या आवारात. त्यांच्या कमरेला ते नाणे होते, आणि तरी ते त्याला विचारत होते की हे नाणे चालवावे की नाही!

ह्या नाण्याचे नाव मूळ ग्रीक शास्त्रात दीनारियोन असे आहे. रोमी लोकांनी हा चांदीचा दीनार सुमारे इ. स. पू. २११ मध्ये, कार्थेजच्या हानिबालाशी त्यांचे मोठे युद्ध चालू असता, प्रथम पाडला. प्रारंभी तो आस नावाच्या दहा तांब्याच्या नाण्यांबरोबरीचा होता व त्याचे नावही दहा ह्या संख्येवरूनच पडले. पुढे तो सोळा आसांचा झाला. प्रभूच्या काळी त्याचे वजन तोळ्याच्या सुमारे एक तृतीयांश भरत असे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याने मजुरास दिवसाची मजुरी म्हणून जे दिले ते हेच.

आता ह्या नाण्यांवर कोण होते ते पाहा. अगदी पहिल्या दीनारांवर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, म्हणजे नगरालाच दिलेले देवीचे रूप, आणि पाठीवर भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार. हे कास्टर व पोलक्स नावाचे जुळे भाऊ, ज्यूपिटराचे पुत्र. रोमी लोकांचा समज असा होता की एका लढाईत हे दोघे आकाशातून उतरून त्यांच्या बाजूने लढले. वाचकहो, ह्या दोन घोडेस्वारांशी आपल्या शास्त्राची ओळख आहे. पौल प्रेषित मेलिता बेटावर तीन महिने अडकून पडल्यावर ज्या आलेक्सांद्रियाच्या जहाजातून रोमेकडे निघाला त्या जहाजाची निशाणी हे जुळे भाऊच होते (प्रेषितांची कृत्ये २८:११). पौल जहाजावर चढला. निशाणी पाहून तो बंदरावर बसून राहिला नाही. आणि निशाणीस हातही जोडले नाहीत.

पुढे रोमेतील निरनिराळे टांकसाळ अधिकारी आपापल्या कुळाच्या आवडत्या देवता नाण्यांवर घालू लागले. कोणी ज्यूपिटर चार घोड्यांच्या रथात बसविला, कोणी पंख असलेली विजयदेवी, कोणी डायाना, कोणी अपोलो. इ. स. पू. ४६ मधील एक दीनार मला विशेष बोधप्रद वाटतो. तो टायटस कॅरिसियस नावाच्या अधिकाऱ्याने पाडला. त्याच्या एका बाजूस जूनो मोनेटा देवीचे मुख आहे. हिचे देऊळ रोमेच्या गडावर होते व टांकसाळ त्याच्याच शेजारी असे. म्हणून मोनेटा हा शब्दच पुढे नाणे व टांकसाळ ह्यांचे नाव होऊन बसला, आणि इंग्रजीतील पैशाचा शब्दही त्यातूनच निघाला. बरे, नाण्याच्या दुसऱ्या बाजूस काय? ऐरण, हातोडा आणि सांडशी! एका अंगाला देवी, आणि उलटून पाहावे तो तिला घडविणाऱ्याची अवजारे. यशया संदेष्ट्याच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात लोहार निखाऱ्यांवर राबून, भुकेने व्याकूळ होऊन देव घडवितो असे वर्णन आहे. त्या संदेष्ट्याच्या हाती हे नाणे कोणी दिले असते तर त्याला वेगळे प्रवचन करावे लागले नसते.

येथवर नाण्यांवर देव होते, पूर्वज होते. परंतु जिवंत मनुष्याचा मुखवटा रोमेच्या टांकसाळीत चालत नसे. तो पहिल्याने इ. स. पू. ४४ च्या आरंभी ज्यूलियस कैसराचा उमटला. हा आपणांस व्हीनस देवीचा वंशज म्हणवीत असे, म्हणून पाठीवर व्हीनस. त्याच वर्षी १५ मार्चला तो भर सभेत मारला गेला. मारणारे म्हणत होते की आम्ही राजेशाही नष्ट केली. त्यांचा पुढारी ब्रूटस ह्याने दोनच वर्षांत स्वतःचे दीनार पाडले. त्यांवर दोन खंजीर आणि दास्यमुक्ताची टोपी आहे. आणि उलट बाजूस कोणाचा मुखवटा? ब्रूटसाचाच! बंधुजनहो, मूर्ती फोडणे कठीण नाही. फोडून रिकाम्या झालेल्या कोनाड्यात आपण स्वतः जाऊन न बसणे हे कठीण. ज्या पंचांनी त्या बाईची माळ मोडावयास सांगितली त्यांच्यापैकी एकदोघांनी आपल्या नावाची संगमरवरी पाटी देवळाच्या भिंतीस लावावी म्हणून केवढा आग्रह धरला होता, हे मला आठवले. असो.

मेलेल्या ज्यूलियसास इ. स. पू. ४२ मध्ये रोमेच्या सभेने देव ठरविले. त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या खेळांच्या वेळी धूमकेतू दिसला होता; लोक म्हणाले, हा त्याचा आत्मा स्वर्गात चालला. त्याचा दत्तक पुत्र औगुस्त कैसर, ज्याच्या आज्ञेने नावनिशी झाली व योसेफ आणि मरिया बेथलेहेमास गेली, त्याने तो शेपटीचा तारा दीनारावर घातला आणि आपल्या नावापुढे "देवाचा पुत्र" ही पदवी लाविली. बेथलेहेमात बालक गव्हाणीत निजले होते तेव्हा ही पदवी रोमी राज्यातील बाजारांत हातोहात फिरत होती.

औगुस्तानंतर तिबिर्य कैसर आला. इ. स. १४ पासून ३७ पर्यंत त्याने राज्य केले, आणि प्रभूपुढे जे नाणे आणले गेले ते बहुतेक विद्वानांच्या मते ह्याचेच. ते आजच्या फ्रान्स देशातील ल्यों शहरी पाडले जात असे. एका बाजूस लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेले तिबिर्याचे डोके. भोवती लॅटिन अक्षरे, ज्यांचा अर्थ, तिबिर्य कैसर, देव झालेल्या औगुस्ताचा पुत्र. दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री; हाती राजदंड व हिरवी डहाळी. ही शांतिदेवीच्या रूपात दाखविलेली तिबिर्याची आई लिविया असावी असे मानतात. तिच्या भोवती अक्षरे आहेत त्यांचा अर्थ, प्रमुख याजक.

हे नाणे आपल्या देशालाही परके नव्हते. ह्याच छापाचे दीनार दक्षिण हिंदुस्थानात कोइमतूरच्या आसपास व आंध्रात जमिनीतून पुष्कळ निघाले आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या वृत्तांतात पैठण व तेर येथून भडोच बंदरी गोमेद दगड व कापड येत असे आणि त्या बंदरी रोमी दीनार फायद्याने वटविला जाई, अशी नोंद आहे. गोदेकाठच्या सावकाराने ते नाणे हाती घेऊन चांदी कशी आहे एवढेच पाहिले असेल. त्यावर कोणाचा पुत्र लिहिला आहे हे त्याला कोण सांगणार?

परंतु मंदिराच्या आवारात ते नाणे ज्याच्यापुढे धरले गेले त्याचा विचार करा. एका बाजूस लिहिले आहे, देवाचा पुत्र. दुसऱ्या बाजूस लिहिले आहे, प्रमुख याजक. आणि पाहणारा कोण? जो खरोखर देवाचा पुत्र आहे, आणि जो थोड्याच दिवसांत आपलेच रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जाणार आहे तो! नाण्यावरील दोन्ही पदव्या त्याच्या होत्या. त्या दुसऱ्याच्या नावावर, धातूवर कोरून, त्याच्यापुढे आणल्या गेल्या. एखादा राजपुत्र वेष पालटून बाजारात फिरत असता कोणी त्याला तोतयाची मोहोर दाखवून विचारावे, हा खरा की नाही, तसे हे झाले. त्याने क्रोध केला नाही, नाणे फेकले नाही. हे चित्र कोणाचे व ही अक्षरे कोणाची एवढेच विचारले. आणि ते कैसराचे म्हणाल्यावर सांगितले की कैसराचे असेल ते कैसरास परत करावे व देवाचे असेल ते देवास.

चित्र ह्या अर्थी तेथे जो ग्रीक शब्द आहे तोच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, देवाने मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचे केले तेथे, आला आहे. ऐकणाऱ्या शास्त्र्यांस हे सुचल्यावाचून राहिले नसेल. चांदीचा तुकडा कैसराच्या छापाचा, तो त्याला द्या. त्याची चांदी, त्याचा साचा, त्याची टांकसाळ. परंतु तुम्ही कोणाच्या साच्यातून निघालात? मळ चढला असेल, कडा झिजल्या असतील; तरी साचा तोच. आमच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेविले आणि सांगितले की तुमच्यावर कोणताच छाप नाही. शुभवर्तमानाने आपणांस दिलेली पहिली गोष्ट हीच की हे सांगणे खोटे आहे.

तर मग देवतांच्या आकृतींचे काय? मंदिराच्या कराविषयी एक गोष्ट सांगतो. अर्धा शेकेल प्रत्येक यहूदी पुरुषाने द्यावयाचा असे, आणि तो सोर शहराच्या चांदीच्या नाण्यात घेतला जाई, कारण ती चांदी चोख होती. त्या सोरी नाण्यावर मेल्कार्त देवाचे मुख व मागे गरुड असे! जे लोक कैसराच्या मुखवट्यावरून प्रभूस अडवावयास आले त्यांच्या भांडारात मेल्कार्ताची रास पडली होती. तेव्हा धातूवरील आकृतीने मनुष्य विटाळतो असे म्हणाल तर यरुशलेमेचे भांडार आधी रिकामे करावे लागेल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दोन गोष्टी एकत्र ठेवतो : मूर्ती काहीच नाही, आणि तरीही दुर्बळ भावाच्या मनाला धक्का लागू नये. ज्या बहिणीला माळ हाती घेताच जुना नवस आठवतो व मन भीतीने भरते तिने ती ठेवू नये. जिला ती पाहून आईच आठवते तिला पंचांनी का छळावे?

खरा धोका गळ्यापेक्षा खोल असतो. तो रोमेने पुढे दाखवून दिला.

इ. स. ६४ मध्ये नीरो बादशहाने दीनाराचे वजनही घटविले व त्यात हीणही घातले. सेव्हेरस बादशहाच्या काळी, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, चांदी सुमारे निम्मी उरली. तिसऱ्या शतकात दीनाराची जागा घेणारे मोठे नाणे निघाले तेही घसरत घसरत गॅलिएनस बादशहाच्या शेवटच्या वर्षांत शेकडा पाच भागांहून कमी चांदीचे झाले. बाकी सारे तांबे, वर पांढरा मुलामा. आणि ह्याच वेळी त्या नाण्यांवर देवांची केवढी गर्दी! हरिणी काढून डायानाचा धावा, चित्ता काढून लिबराचा, समुद्राचा घोडा काढून नेपच्यूनाचा. प्रत्येकाला विनवणी की बादशहाचे रक्षण कर. आत चांदी उरली नाही तसतसे वर देव वाढत गेले. इ. स. २६८ मध्ये तो बादशहा आपल्याच लोकांच्या हातून मेला.

त्याच्या आधी डेशियस बादशहाने मेलेल्या व देव ठरविलेल्या अकरा बादशहांच्या मुखवट्यांची एक मालिकाच पाडली असे समजतात, आणि इ. स. २५० मध्ये हुकूम सोडला की सर्व प्रजेने देवांस नैवेद्य दाखवून तसा दाखला घ्यावा. मिसर देशाच्या वाळूत असे चाळीसांहून अधिक दाखले सापडले आहेत. मजकूर थोडाफार एकच : मी देवांस नेहमीच यज्ञ करीत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष केला, खाली सही. रोमेचा बिशप फेबियन त्याच छळात मेला. पुष्कळांनी नैवेद्य दाखविला. आणि पुष्कळांनी तिसरी वाट काढली : नैवेद्य दाखविला नाही, अधिकाऱ्यास पैसे चारून नुसता दाखला घेतला. त्यांनी मनाशी म्हटले असेल, कागद तर कागद. अंतःकरण प्रभूचे आहेच.

येथे मी हात आखडता घेऊन लिहितो, कारण ही गोष्ट आपल्या घरात शिरते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राखल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती मनुष्य बाहेर राहिला. परिणाम आपण सारे जाणतो. मंडळीच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. रविवारी एक, सोमवारी दुसरे. ह्या मुलांवर व त्यांच्या आईबापांवर मी दगड उचलणार नाही. भाकरीसाठी केलेला खोटा कागद आणि मानासाठी केलेला खोटा कागद ह्यांना मी एका तराजूत घालीत नाही, आणि कायद्यातील जो अन्याय आहे त्याला अन्याय म्हणण्यास कचरत नाही. तथापि शास्त्र हाती धरून हेही म्हणवत नाही की हे काहीच नव्हे. ज्या मुलाला बारा वर्षे दोन नावे सांभाळावी लागतात त्याच्या मनावरचा छाप झिजतो. मी असे तरुण पाहिले आहेत. ते देवळात मागच्या बाकावर बसतात व प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जातात.

कार्थेजचा बिशप सिप्रियन ह्याच्यापुढे हीच माणसे परत आली. त्याने त्यांना हाकलले नाही, आणि काही घडलेच नाही असेही म्हटले नाही. इ. स. २५१ मध्ये तेथे बिशपांची सभा भरली. दाखले घेतलेल्यांची एकेकाची हकीकत ऐकून त्यांना पुन्हा मंडळीत घ्यावे असे ठरले. एकेकाची हकीकत ऐकून! आपल्यात कोण ऐकतो? ज्या मंडळीने त्या मुलाच्या फीसाठी कधी चार रुपये जमा केले नाहीत तिने त्याच्या दाखल्याची चौकशी करावी हे मला शोभत नाही असे वाटते. उपदेशक बंधूंनो, आधी त्याच्या घरी जाऊन बसा.

आता बाराव्या अध्यायाचा शेवट. त्याच मंदिरात, बहुधा त्याच दिवशी, प्रभू भांडारासमोर बसला होता. धनवान पुष्कळ टाकीत होते. एका विधवेने दोन टोल्या टाकल्या. मार्क रोमी हिशेब सांगतो की ह्या दोहोंचा मिळून एक क्वाड्रान्स झाला. दीनाराचे सोळा आस, आणि आसाचे चार क्वाड्रान्स. १९५७ पूर्वीच्या आपल्या रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे. म्हातारी माणसे हा हिशेब चटकन करतील. दीनाराचा चौसष्टावा भाग, म्हणजे जुना एक पैसा, आणि तोही दोन अधेल्यांत. यहूदी हस्मोनी राजांनी पाडलेली असली तांब्याची लहान नाणी आजही सापडतात. त्यांवर नांगर असतो, तारा असतो. मनुष्याचा मुखवटा नसतो, देवतेचाही नसतो. एक अधेला ठेवून एक टाकला असता तरी तिला कोणी दोष दिला नसता. तिने दोन्ही टाकले.

दीनार पाहावयास प्रभूने शत्रूंकडून मागून घेतला होता. हा पैसा दाखविण्यासाठी त्याने शिष्यांना जवळ बोलाविले.

त्या वृद्ध बाईचा बाप्तिस्मा नाताळाच्या आधीच्या रविवारी व्हावयाचा आहे. माळ तिने माझ्या स्वाधीन करू पाहिली. मी घेतली नाही. पंचांनी तिला त्याविषयी पुन्हा विचारू नये, आणि त्या रविवारी सर्वांनी वेळेवर हजर राहावे, अशी माझी विनंती आहे.